मेंदूतील रक्तप्रवाहाचे आकलन : मुंबईतील संशोधनाचा एक मागोवा

मेंदूच्या धमन्यांविषयीच्या ज्ञानाचा इतिहास बहुधा युरोप-अमेरिकेतील नावांवरच संपतो. 1927 साली लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी मानेतील धमनीत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रावण सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचे चित्र मिळविले. त्यापूर्वी अडलेली धमनी डोळ्यांनी पाहायची तर शवविच्छेदनावाचून गत्यंतर नव्हते. पुढे 1940 च्या दशकात केटी व श्मिट यांनी नायट्रस ऑक्साइडच्या साहाय्याने मेंदूतील एकूण रक्तप्रवाह मोजला. मात्र कोणत्या शाखेत तो खुंटला, हे त्या पद्धतीने कळत नसे.

या इतिहासात मुंबईचे स्थान उपेक्षित राहिले आहे. 1965 साली डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांचे दोन निबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गुठळी अडकून पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या धमन्यांची चित्रे त्यांनी अभ्यासली, आणि काही गुठळ्या कोणत्याही औषधावाचून आपोआप विरघळतात असे दाखवून दिले. वरवर साध्या वाटणाऱ्या या निरीक्षणाचे महत्त्व मोठे आहे. धमनीतील अडथळा ही कायमची स्थिती नसून काळाच्या ओघात बदलणारी घटना ठरली. उशिरा काढलेल्या चित्रात धमनी मोकळी दिसली, म्हणून ती कधी अडलीच नव्हती असे म्हणता येईना. प्रवाह पूर्ववत झाला तरी तोवर मृत झालेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणूनच प्रश्न वेळेचा होता. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या तीन तासांत दिल्यास लाभ होतो, हे अमेरिकेतील चाचणीने सिद्ध केले ते 1995 साली, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी.

तथापि चित्र निघते ते रुग्णालयात पोहोचलेल्यांचेच. दलाल यांनी पुढे ही मर्यादाही ओलांडली. 2005-06 या दोन वर्षांत त्यांच्या चमूने मुंबई महापालिकेच्या एच प्रभागातील 25 वर्षांवरील 1,56,861 रहिवाशांमध्ये पक्षाघाताची नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार रुग्णालयाबाहेरील रुग्णांचाही शोध त्यात अभिप्रेत होता. प्रथमच पक्षाघात झालेले 456 जण आढळले. त्यांपैकी 366 जणांत रक्तपुरवठा खंडित झाला होता, तर 81 जणांत रक्तस्राव झाला होता. सुमारे 30 टक्के रुग्ण 28 दिवसांच्या आत दगावले.