फळप्रक्रियेचा गृहधंदा आणि सचोटीची मोहर

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या मार्गावरील, कोरीव लेण्यांमुळे परिचित असलेले पातूर हे आपल्या वऱ्हाडातील जुने गाव. या भागातील बागांत लिंबू व संत्रे पिकते. मोसमात फळ उदंड येते, भाव उतरतो आणि उरलेला माल नासतो. यावर आपल्या आज्या-पणज्यांनी योजलेला उपाय म्हणजे मीठ, साखर, तेल व ऊन. लोणचे आणि मुरंबा टिकतो, कारण मीठ व साखर जंतूंना लागणारे पाणी बांधून ठेवतात आणि फळाची आंबटी त्यांची वाढ रोखते. हे शास्त्र त्या माउलींनी अनुभवाने जाणले होते.

फ्रान्समधील निकोला आपेर यानेही अन्न बाटलीत बंद करून उकळण्याची आपली रीत 1810 साली अनुभवाच्याच बळावर प्रसिद्ध केली. तिचे कारण पुढे सुमारे अर्धशतकाने पाश्चरच्या संशोधनामुळे उलगडले.

परंतु घरची बरणी आणि बाजारची बाटली यांत मोठे अंतर आहे. घरचा मुरंबा कोणी व केव्हा केला हे खाणाऱ्यास ठाऊक असते. विकलेली बाटली मात्र अनोळखी घरी, कदाचित आजारी मुलाच्या हाती जाते. तेथे कर्त्याच्या शब्दाऐवजी नियमाची साक्ष लागते. ती गरज ओळखून 1946 मध्ये फळपदार्थांविषयी प्रथम हुकूम निघाला, व 1955 मध्ये अत्यावश्यक वस्तू कायद्यान्वये तो नव्याने जारी झाला. केंद्रात कृषिखाते त्या सुमारास आपल्या वऱ्हाडचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याकडे होते. या हुकुमाने परवाना आणि कारखान्याची स्वच्छता बंधनकारक केली. जॅममध्ये किमान 45 टक्के फळ व स्क्वॅशमध्ये किमान 25 टक्के रस असावा, असे ठरले. परिरक्षक द्रव्यांसही मर्यादा घातली गेली. स्क्वॅशमध्ये बेंझॉइक आम्ल दहा लक्ष भागांत 600 भागांहून अधिक चालत नसे. केवळ रंग व सुवास घालून 'फळाचे' पेय विकणाऱ्यास हा मोठा अटकाव होता. पुढे 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा हुकूम मागे पडला आणि 5 ऑगस्ट 2011 पासून नवी नियमावली लागू झाली. तीनुसार लहान गृहउद्योगासही नोंदणी आवश्यक आहे.

आपल्या अनेक भगिनी आज लोणची व सरबते करून संसारास हातभार लावतात. त्यांना नोंदणी हा जाच वाटणे स्वाभाविक आहे. तथापि एका घरची नासकी बाटली साऱ्या गावच्या मालाची पत घालवते, हे विसरून चालणार नाही. वरची बुरशी काढून खालचा मुरंबा वापरण्याची जुनी काटकसर विक्रीच्या मालात सर्वथा वर्ज्य मानावी. बुरशीचे विष डोळ्यांस न दिसता खाली उतरलेले असू शकते. निरोगी फळ, शुद्ध पाणी, उकळून कोरड्या केलेल्या बाटल्या, तोलून घातलेले मीठ-साखर आणि प्रत्येक घाण्याची तारीखवार नोंद, एवढे पथ्य प्रत्येक घराला पाळता येण्याजोगे आहे. ज्ञातीतील कुटुंबांनी ते एकमेकांस शिकवावे, म्हणजे पातूरच्या लिंबाला त्याच्या गुणाप्रमाणे मोल मिळेल.