दहा वर्षांची वर्गणी

मंडळाच्या एखाद्या उपक्रमासाठी ग्रँट मागायची म्हटली की ठरावीक प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. काम कोणासाठी आहे? खर्च किती? देखरेख कोणाची? पैसे संपल्यावर पुढे काय? अर्ज शहराकडे करा, काउंटीकडे करा की एखाद्या फाउंडेशनकडे, फॉर्म बदलतो, प्रश्न तेच राहतात. शनिवार-रविवार खर्ची घालून असे फॉर्म भरणाऱ्यांना वाटते, ही इथली रीत आपण इथे येऊन शिकलो. पण याच प्रश्नांची उत्तरे एका मराठी बाईने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या देणगीदारांना दिली होती. त्यासाठी त्या आपल्या शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत येऊन गेल्या. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. संस्कृतच्या व्यासंगामुळे त्यांना कलकत्त्यात 'पंडिता' ही पदवी मिळाली. १८८२ मध्ये त्या विधवा झाल्या, त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मनात एक संस्था काढायचे होते: उच्चवर्णीय बालविधवांसाठी राहण्याची सोय असलेली शाळा. त्या काळी अशा मुलींना पुनर्विवाहाची वाट जवळपास बंद होती. केशवपन, एकभुक्त राहणे आणि घरातली कामे यांत आयुष्य जायचे. या मुलींसाठी मदत मिळावी म्हणून रमाबाईंनी १८८३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांना आवाहन लिहिले. त्यातून संस्था उभी राहिली नाही.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई आल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ या देशात राहिल्या. बालवाडीच्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, गावोगाव व्याख्याने दिली आणि १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक काढले. प्रस्तावना आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन डॉ. रेचल बॉडली यांची. या पुस्तकाची मांडणी पाहण्यासारखी आहे. आधी स्त्रीच्या आयुष्याचे टप्पे येतात: बालपण, लग्न, वैधव्य. शेवटच्या प्रकरणात मागणी येते. आज आपण ज्याला प्रपोजल म्हणतो, तेच हे. आधी गरज पटवायची, मग हात पुढे करायचा.

पण पुस्तक वाचून हळहळणारा माणूस सात समुद्रांपलीकडच्या एका अनोळखी बाईच्या हाती पैसे कसे देणार? यासाठी डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल. वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांची माणसे मुद्दाम एकत्र घेतली होती, म्हणजे संस्था कोणा एका पंथाची ठरू नये. गावोगावी 'रमाबाई सर्कल' निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, आणि तो दहा वर्षे. रक्कम लहान, पण मुदत पक्की. एकदाच मिळालेल्या मोठ्या देणगीपेक्षा शाळेला अशा वर्गणीचा आधार जास्त, हे कोणत्याही खजिनदाराला सांगावे लागणार नाही.

१८८८ मध्ये रमाबाई पॅसिफिक किनाऱ्यावर आल्या. तेव्हा सनीव्हेल हे नावही नव्हते. इथे मर्फी यांची जमीन आणि त्यांच्या नावाचे रेल्वे स्टेशन होते. आज आपण जेवायला जातो त्या मर्फी अॅव्हेन्यूला त्याच घराण्याचे नाव आहे. सॅन फ्रान्सिस्कोत रमाबाईंची व्याख्याने झाली, सर्कल निघाली आणि तिथल्या सेरा हॅम्लिन या शिक्षिका या कामात पडल्या. पुढे त्या असोसिएशनच्या वतीने भारतातही जाऊन राहिल्या. त्यांच्या नावाची मुलींची शाळा सॅन फ्रान्सिस्कोत आजही चालू आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस रमाबाई सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीने जपानमार्गे परत निघाल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई ही कोकणातली बालविधवा होती. पुढच्या वर्षी सदन पुण्याला गेले. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. पैसा बॉस्टनचा आणि विश्वास पुण्याचा, अशी ही घडी होती.

ती मोडली १८९३ मध्ये. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असे ठरले होते. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली तिथे जाऊन बसू लागल्या. मी कोणाला बोलावत नाही आणि कोणाला अडवतही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. तटस्थ म्हणवणाऱ्या शाळेत मुली प्रार्थनेला बसतात हीच फसवणूक आहे, असे पालकांना वाटले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले आणि अनेकांनी मुली काढून नेल्या. बॉस्टन मात्र रमाबाईंच्या पाठीशी राहिले.

या वादात कोण बरोबर यावर मराठीत आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. अर्ज लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट दिसते. 'तटस्थ' या एका शब्दाचे दोन अर्थ झाले होते. बॉस्टनने त्याचा अर्थ 'सक्ती नाही' असा घेतला, पुण्याने 'संपर्कच नाही' असा. पैसे येत होते तोवर हा फरक कोणी कागदावर उतरवला नाही, आणि त्याची किंमत शाळा सोडून गेलेल्या मुलींनी दिली.

दहा वर्षांची मुदत संपल्यावर १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेत आल्या आणि झालेल्या कामाचा अहवाल त्यांनी देणगीदारांसमोर ठेवला. जुनी असोसिएशन विसर्जित होऊन नवी स्थापन झाली. तोवर केडगावचे काम सुरू झाले होते आणि १८९६-९७ च्या दुष्काळातल्या निराधार मुलींमुळे ते कितीतरी वाढले होते.

गोदूबाईंची गोष्ट पुढे गेली. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्याला गेला. गोदूबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत. १९१८ मध्ये त्या अमेरिकेला आल्या आणि इंग्रजी शिकता शिकता लोकांच्या घरी कामे करून राहिल्या. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, आणि १९२९ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर ते जगप्रवासाला निघाले, तेव्हा अमेरिकेतही आले. सर्कलमधल्या बायकांनी दिलेला एकेक डॉलर असा हिंगण्यापर्यंत पोहोचला.

आता आपल्याकडे पाहू. आपले गणपती, दिवाळी, मराठी शाळा, ज्येष्ठांचे कार्यक्रम यांसाठी आपण ग्रँट मागतो. सरकारी ग्रँटमधून पूजाअर्चेचा खर्च सहसा करता येत नाही. म्हणून अर्जात 'सांस्कृतिक महोत्सव' लिहिले जाते आणि सभासदांना पाठवलेल्या पत्रकात महापूजा आणि आरती ठळक अक्षरांत असते. दोन्ही खरे असते. पण दोन कागद दोन वेगळ्या माणसांनी वाचले की १८९३ चाच पेच उभा राहतो. त्यावरचा उपाय साधा आहे. पूजेचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून, नाटक-संगीताचा ग्रँटमधून, असे अर्जातही लिहावे आणि पत्रकातही. अर्ज पाठवण्यापूर्वी तो मंडळाच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. कोणी भुवया उंचावल्या तर ते वाक्य तिथेच सुधारावे.

इथे वाढलेल्या मुलामुलींना हे इंग्रजी आपल्यापेक्षा चांगले लिहिता येते. कामाची गरज कोणाला आणि का आहे, हे आई-वडिलांच्या पिढीला ठाऊक असते. रमाबाईंकडे या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत होत्या. आपल्याला त्यासाठी दोन पिढ्या एका टेबलाशी बसवाव्या लागतील, एवढेच.