अंगणात आलेली शाळा

आपल्या वीरमध्ये गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमचं पोर लई वांड. अंगणवाडीत धाडून काय, नुसती खिचडी!" म्हणून आज अंगणवाडीचीच गोष्ट सांगते.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. ताराबाईंनी मुलांना किंवा आईबापांना बोल लावला नाही. त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पानं, बिया, शिंपले हीच खेळणी. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या आदिवासी मुलांत गेलं. १९७५ पासून सरकारने देशभर केंद्रं सुरू केली, त्यांनाही हेच नाव मिळालं.

यानं फरक पडतो का? १९६२ मध्ये अमेरिकेतल्या इप्सिलांटी गावी गरीब घरच्या १२३ मुलांचा अभ्यास सुरू झाला. ५८ जणांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी बालवाडी मिळाली. बाई दर आठवड्याला घरी जाऊन आईलाही भेटत. बाकीच्यांना ती मिळाली नाही. पुढे चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांची विचारपूस केली. बालवाडीतल्या शंभरातल्या ७७ जणांनी शाळा पुरी केली होती, इतरांत ६० जणांनी. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले इकडे ३६, तिकडे ५५.

म्हणजे वांडपणा कपाळावर लिहिलेला नसतो. या आठवड्यात अर्धा तास अंगणवाडीत बसा. ताईंना विचारा, "आज मुलं काय खेळली?" जाताना ओंजळभर चिंचोके न्या.