अर्ज, ठराव आणि कायदा

रत्नागिरीस येणारा प्रवासी टेकडीवरील थिबा राजवाडा पाहिल्यावांचून सहसा परत जात नाहीं. ब्रह्मदेशच्या या शेवटच्या राजाचें राज्य इंग्रजांनीं नोव्हेंबर १८८५ मध्यें अवघ्या एका पंधरवड्याच्या युद्धांत घेतलें. इरावती नदींतून तोफा चढविलेल्या आगबोटी वर गेल्या आणि मंडालेचें सिंहासन रिकामें झालें. पुढच्या एप्रिलमध्यें राजाला रत्नागिरीस आणलें. डिसेंबर १९१६ मध्यें तो येथेंच वारला. मधल्या तीस वर्षांत त्यानें हिंदुस्थान सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. तनखा वाढवून मिळावा, आपलीं रत्नें परत मिळावींत, अशा त्याच्या मागण्या असत. त्याचें भवितव्य ठरविणारे कलकत्त्यास व लंडनला बसत, आणि त्यांतील एकालाहि थिबाच्या मतावर निवडून यावयाचें नव्हतें.

आपण राजे नाहीं, पण मतदार आहों. स्वच्छ वीज, हवामानांतील पालट आणि अण्वस्त्रांचा त्याग या तीन गोष्टींविषयीं कायदेमंडळांनीं कांहीं करावें, अशी मागणी आज जगभर होत असते. ती रास्त आहे यांत मला शंका नाहीं. परंतु लोकांचा अर्ज कायदेमंडळांत कोठें पोहोंचतो आणि कोठें अडतो, हें आधीं पाहिलें पाहिजे. आणि तें पाहण्यास कोंकणचा इतिहास पुरेसा आहे.

अर्ज आणि कायदा यांच्यामध्यें एक फसवी पायरी असते, ती ठरावाची. ऑगस्ट १९२३ मध्यें श्री. सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत ठराव आणला कीं, सार्वजनिक पैशानें बांधलेले वा चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत. ठराव मंजूर झाला. सरकारनें खात्याखात्यांना तसे हुकूम धाडले. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा आपला ठरावहि केला. एवढें सारें होऊन त्या तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यास २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला, आणि त्या दिवशीं पाणी पिणाऱ्यांना मार खावा लागला. मध्यंतरीं १९२६ मध्यें बोले यांनीं दुसरा ठराव आणला होता: जी नगरपालिका पहिल्या ठरावाप्रमाणें वागणार नाहीं तिचें सरकारी अनुदान बंद करावें. पहिल्या ठरावांत काय उणें होतें हें त्यांना तीन वर्षांत उमगलें होतें. कर्तव्य सांगितलें होतें. तें न केल्यास काय, हें सांगितलें नव्हतें. महाडचा दावा मुंबईच्या हायकोर्टांत निकालांत निघाला तो मार्च १९३७ मध्यें.

त्याच वर्षीं सप्टेंबरच्या १७ तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईच्या विधानसभेंत खोती नाहींशी करण्याचें बिल मांडलें. ज्या श्रोत्यांचे आजोबा-पणजोबा या जिल्ह्यांतले आहेत त्यांना खोत म्हणजे काय हें सांगावयास नको. इतरांसाठीं एवढेंच सांगतों कीं, सरकार आणि कूळ यांच्यामध्यें बसून गांवचा सारा वसूल करणारा हा वतनदार, हळूहळू स्वतःच गांवचा धनी होऊन बसला होता. पिकाचा मोठा वांटा आणि त्यावर वेठबिगार असा त्याचा हक्क चाले. आंबेडकरांचें मूळ गांव आंबडवें हें मंडणगड तालुक्यांतलें. १४ एप्रिल १९२९ रोजीं चिपळूणच्या शेतकरी परिषदेंत त्यांनीं खोतीविरुद्ध उभें राहण्याचें वचन दिलें होतें, तें आठ वर्षांनीं बिलाच्या रूपानें सभागृहांत आलें. त्या बिलाची रचना विद्यार्थ्यानें अभ्यासावी अशी आहे. खोती बंद व्हावी, खोताला वाजवी मोबदला मिळावा, आणि कुळाला महसूल कायद्याखालील कब्जेदाराचा दर्जा मिळावा. काय जावें, जातांना कोणाला काय द्यावें आणि त्या जागीं काय यावें, हें तिन्ही त्यांत होतें.

तें मंजूर झालें नाहीं. १० जानेवारी १९३८ रोजीं कोंकणांतील सुमारें वीस-पंचवीस हजार शेतकरी मुंबईस कौन्सिल हॉलवर चालून गेले. मुख्य मंत्री होते बाळासाहेब खेर. जन्मानें तेहि रत्नागिरीचेच. एकाच जिल्ह्याचे दोन पुत्र, एक बिल मांडणारा आणि एक त्याला थोपविणारा, असें चित्र रंगविण्याचा मोह होतो. पण इतिहास त्याहून गुंतागुंतीचा आहे. १९३९ सालीं त्या मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, महायुद्ध झालें, स्वातंत्र्य आलें, आणि खोती नाहींशी करणारा १९४९ चा कायदा झाला तो याच खेरांच्या कारकीर्दींत. चिपळूणच्या परिषदेपासून वीस वर्षें लागलीं. पण कायदा अमलांत आला, तेव्हां खोताचा हक्क खरोखरच गेला. चवदार तळ्याच्या ठरावासारखा तो फायलींत पडून राहिला नाहीं.

आमच्या खेड्यांत देवळापुढें गाऱ्हाणें घालण्याची चाल आहे. गाऱ्हाणें घालणारा जाणता मनुष्य देवाला मोघम 'बरें कर' असें सांगून थांबत नाहीं. कोणाचें काय अडलें आहे, तें केव्हांपर्यंत सुटावें, सुटल्यास तो काय देईल, हें तो नांवानिशीं सांगतो आणि भोंवतालचे लोक 'होय महाराजा' म्हणून त्याला रुकार देतात. खोतीचें बिल हें असें चोख गाऱ्हाणें होतें. आतां आजच्या तीन प्रश्नांवरील आमचीं गाऱ्हाणीं तशीं आहेत काय, हें पाहूं.

विजेपासून आरंभ करतों. या जिल्ह्यानें धूर न करणारी वीज फार पूर्वींच दिली आहे. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस वळवून चिपळूण तालुक्यांतील पोफळीच्या भूमिगत विद्युत्-गृहांत १९६२ पासून वीज होऊं लागली. तिच्यासाठीं ज्यांचीं घरेंदारें धरणाखालीं गेलीं त्यांच्यासारख्यांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रांत झाला १९७६ सालीं. म्हणजे स्वच्छ विजेलाहि कोणाच्या तरी जमिनीचें मोल पडतेंच, आणि तें मोल ठरविणारा कायदा विजेमागून चौदा वर्षांनीं आला.

पुढें २० जून १९९२ रोजीं महाराष्ट्र राज्य वीज मंडळानें अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशीं गुहागर तालुक्यांतील दाभोळ प्रकल्पाच्या समझोत्यावर सही केली आणि डिसेंबर १९९३ मध्यें वीजखरेदीचा करार केला. विजेचा दर डॉलरशीं बांधलेला. वीज घेतली वा न घेतली तरी स्थिर आकार मंडळानें भरावयाचा. त्याला राज्याची हमी, आणि हमीवर केंद्राची प्रतिहमी. असा हा करार, आणि त्याचा मजकूर मात्र आरंभीं जनतेपुढें ठेवलेला नव्हता. ज्याची हमी कोट्यवधि करदात्यांनीं घेतली तो कागद त्यांना वाचावयास मिळूं नये, ही गोष्ट मला प्रकल्पाच्या साऱ्या दोषांत मोठी वाटते. ऑगस्ट १९९५ मध्यें नव्या सरकारनें करार रद्द केला, मग नव्या अटींवर तोच प्रकल्प उभा केला. मे १९९९ मध्यें वीज सुरू झाली, मे २००१ मध्यें बंद पडली, आणि त्याच डिसेंबरांत मूळ कंपनीचें दिवाळें वाजलें. डॉ. माधव गोडबोले यांच्या समितीनें या साऱ्या व्यवहारावर कठोर ठपका ठेवला. परंतु चौकशी ही शवपरीक्षा असते, तिनें रोगी उठत नाहीं.

याच्या उलट उदाहरण २००३ च्या वीज कायद्याचें. राज्याच्या वीज नियामक आयोगानें दर ठरवितांना लोकांच्या हरकती मागविल्या पाहिजेत, आणि एकूण विजेपैकीं किती हिस्सा सूर्य, वारा यांसारख्या नूतन होणाऱ्या साधनांतून घ्यावा हें आयोगानें ठरवून दिलें पाहिजे, असें त्यांत घातलें आहे. देशांतील स्वच्छ विजेच्या वाढीमागें अनेक कारणें आहेत. पण हें कलम त्यांतलें एक मोठें. त्यावर सभा गाजल्या नाहींत कीं मिरवणुका निघाल्या नाहींत.

हवामानाच्या प्रश्नावर मात्र आम्ही अद्याप ठरावाच्या पायरीवरच आहों. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुरानें चिपळूणची बाजारपेठ बुडाली. एखाद्याच वादळाचा दोष एकट्या हवामानबदलावर टाकणें शास्त्राला धरून होणार नाहीं; परंतु अरबी समुद्राचें पाणी तापत आहे आणि त्यावरील तीव्र वादळें वाढलीं आहेत, हें शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. पश्चिम घाटाचा अभ्यास करण्यास २०१० सालीं नेमलेल्या डॉ. माधव गाडगीळ समितीनें ऑगस्ट २०११ मध्यें अहवाल दिला. रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मुद्दाम तिच्याकडे सोंपविले होते. अतिसंवेदनशील पट्ट्यांत कोळशाचीं नवीं वीजकेंद्रें नकोत, आणि अखेरचा विचार ग्रामसभांनीं करावा, असें तिनें सांगितलें. याच सुमारास जयगडास कोळशावरचें १२०० मेगावॅटचें केंद्र उभें राहत होतें. अहवाल लोकांच्या हातीं पडला तो मे २०१२ मध्यें, तोहि माहिती आयोगानें व दिल्लीच्या हायकोर्टानें भाग पाडल्यावर. त्यापुढें दुसरी समिती झाली, आणि २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत घाटासंबंधीं अधिसूचनेचा केवळ मसुदाच सहा वेळां प्रसिद्ध झाला.

२०२१ सालीं ग्लासगो येथें भारतानें २०७० पर्यंत कर्बवायूचें निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचें वचन जगाला दिलें. वचन थोर आहे. पण तें कोणत्या वर्षीं किती पाळावयाचें, आणि न पाळल्यास कोणी कोणास जाब द्यावयाचा, हें सांगणारा कायदा नाहीं. मार्च २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणें हा नागरिकांचा हक्क मानला, आणि या विषयावर देशांत एकछत्री कायदा नसल्याचेंहि नमूद केलें. ब्रिटनमध्यें लोकांनीं आपापल्या प्रतिनिधींना पत्रें लिहून २००८ सालीं असा कायदा करविला. दर पांच वर्षांची उत्सर्जनाची मर्यादा आधीं ठरवावी आणि तिचा हिशेब पार्लमेंटपुढें ठेवावा, असें तो सांगतो. विरोधी मतें मूठभरच पडलीं. ज्या पार्लमेंटनें थिबाच्या अर्जांकडे ढुंकून पाहिलें नाहीं, तिला स्वतःच्या मतदारांच्या पत्रांकडे पाहावेंच लागलें.

आतां अणूकडे वळूं, कारण येथें वीज आणि शस्त्र एकाच घरांत राहतात. एप्रिल १९४८ मध्यें अणुशक्तीचें बिल दिल्लीस मांडलें गेलें, तेव्हां म्हैसूरचे कृष्णमूर्ति राव यांनीं विचारलें कीं, इंग्लंडांत गुप्तता संरक्षणापुरती आहे, मग आपल्याकडे शांततेच्या संशोधनालाहि ती कां? पंडित नेहरूंनीं मोकळेपणानें उत्तर दिलें कीं, या दोहोंमध्यें भेद कसा करावा हें मला समजत नाहीं. प्रश्न चोख होता आणि उत्तर प्रामाणिक. पण गुप्तता कायम राहिली. १९६२ च्या कायद्यानें ती पुढें चालविली. राजापूर तालुक्यांत माडबन येथें ९९०० मेगावॅटचा जैतापूर प्रकल्प योजला गेला. नोव्हेंबर २०१० मध्यें पर्यावरणाची मंजुरी, डिसेंबरांत फ्रान्सशीं करार, मार्च २०११ मध्यें जपानांत फुकुशिमाचा अपघात, आणि १८ एप्रिल २०११ रोजीं साखरी नाटे येथें पोलिसांच्या गोळीबारांत एका मच्छीमाराचा मृत्यु. अणुभट्टीला धूर नसतो, हें तिच्या विरोधकांनींहि मान्य करावें. परंतु तिच्या शेजारीं राहणाऱ्यांचे प्रश्न सभागृहांत बोलले गेले असते, तर ते रस्त्यावर इतके चिघळले नसते, असें मला वाटतें. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें १९६२ च्या कायद्याच्या जागीं नवा कायदा मंजूर केला आणि खासगी कंपन्यांना अणुविजेचें दार उघडलें. तो एकाच हिवाळी अधिवेशनांत मांडला गेला व मंजूरहि झाला. कोंकणच्या कुळांना वीस वर्षें थांबावें लागलें होतें.

शस्त्रांविषयीं भारताचा पूर्वेतिहास लाजिरवाणा नाहीं. अमेरिकेच्या प्रचंड हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीनंतर २ एप्रिल १९५४ रोजीं नेहरूंनीं लोकसभेंत अणुचाचण्या थांबविण्याची सूचना मांडली. सप्टेंबर १९६२ मध्यें त्र्याऐंशी वर्षांचे राजाजी, धारवाडकडील रंगनाथ दिवाकर यांच्यासह, हेंच गाऱ्हाणें घेऊन अध्यक्ष केनेडींच्या भेटीस गेले. राजाजींनीं जगाच्या सर्व दुःखांची यादी नेली नाहीं. चाचण्या थांबवा, एवढेंच मागितलें. पुढल्या ऑगस्टमध्यें मॉस्कोस अंशतः चाचणीबंदीचा तह झाला, आणि भारतानें त्यावर तीन दिवसांत सही केली. तह एकट्या त्या भेटीनें झाला असें कोणीहि म्हणणार नाहीं. १९७४ व १९९८ सालीं पोखरणला स्फोट झाले. त्यांची वार्ता संसदेस मिळाली ती स्फोटांनंतर. शेजाऱ्यांच्या हातांत अण्वस्त्रें असतां आपण एकट्यानें तीं टाकावींत, असें मी म्हणत नाहीं. परंतु अण्वस्त्राचा प्रथम वापर करणार नाहीं, हें आपलें धोरण जानेवारी २००३ मध्यें जाहीर झालें तें मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीकडून. तें संसदेचा कायदा नाहीं. म्हणून जी समिति तें करूं शकली, तीच उद्यां तें बदलूंहि शकते.

लोकसभेच्या नियमांत नागरिकांच्या याचिकांना स्वतंत्र जागा आहे, आणि आपल्या विधिमंडळांतहि विनंती अर्ज समिति आहे. लोकसभेंत याचिका एखाद्या सदस्यानें मांडावयाची तर तिजवर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. भाषा संयत हवी, आणि शेवटीं नेमका हेतु सांगणारी 'प्रार्थना' हवी. रत्नागिरीहून अशी याचिका जावयाची असेल तर तिच्या प्रार्थनेंत मी तीन वाक्यें घालीन. २०७० च्या वचनाला पांच पांच वर्षांच्या मर्यादांसह कायद्याचें रूप द्यावें, आणि मर्यादा मोडल्यास मंत्र्यानें सभागृहांत कारण द्यावें. ज्या वीजकराराला सरकारची हमी आहे तो सही होण्यापूर्वीं सभागृहापुढें आणि संबंधित ग्रामसभेपुढें मराठींत ठेवावा. प्रथम वापर न करण्याचें धोरण संसदेच्या कायद्यानें बांधावें, आणि दरवर्षीं नि:शस्त्रीकरणावर एक दिवस चर्चा ठेवावी. खालीं सह्या, आणि सहीपुढें प्रत्येकाचा पूर्ण पत्ता.