सौरऊर्जेवर चालणारी बिनतारी हत्यारे

तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे स्वामीमलै पंचधातूच्या मूर्तींसाठी, तर नाच्चियारकोविल पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. अशा घरगुती कारखान्यांत बिनतारी ड्रिल किंवा ग्राइंडरच्या बॅटऱ्या सौरऊर्जेवर भारित करता येतात.

१८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा मावते. इन्व्हर्टर व चार्जरमधील घट धरता सुमारे १२० वॅट-तास लागतात. स्वच्छ उन्हात १०० वॅटचे पॅनेल ते दोनेक तासांत देते. मात्र पॅनेलच्या तारा थेट बॅटरीला जोडणे धोकादायक आहे. तिच्यातील लिथियम-आयन सेलला ४.२ व्होल्टपेक्षा अधिक दाब सोसत नाही; मर्यादा ओलांडल्यास आग लागू शकते. त्यामुळे उत्पादकाचाच चार्जर वापरावा.

छपरावरील ग्रिडसंलग्न यंत्रणेत साठवण बॅटरी नसल्यास वीज जाताच ती सुरक्षेसाठी आपोआप बंद पडते, मग ऊन कितीही कडक असो. हे अनेकांना खरेदीनंतर उमगते. भारनियमनात काम चालू ठेवायचे तर स्वतंत्र साठवण हवी. ईशान्य मोसमी पावसाच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उत्पादन घटते. मे महिन्यात अडचण उलटी असते: तापलेली बॅटरी सावलीत थंड करूनच चार्जरला लावावी.