गाजराची कॉफी आणि ग्लुकचें संगीत

श्रोतेहो, गाजराच्या पुंगीची म्हण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. गाजराची कॉफी मात्र आपल्यापैकीं कोणाच्या ओठाला लागली असेल असें वाटत नाहीं. बर्लिन शहरांतील सुखवस्तु आणि सुशिक्षित लोक इ. स. १८०७-०८ च्या सुमारास ती पीत असत, आणि तीहि उपवनांतल्या उपाहारगृहांत, वाद्यवृंद ऐकत, मोठ्या ऐटीनें! त्या गर्दींत एक बुटका, चंचल डोळ्यांचा, खिसा रिकामा असलेला गृहस्थ वावरत होता. त्यानें पुढें लिहिलेल्या पहिल्या महत्त्वाच्या कथेच्या आरंभींच ह्या कॉफीची वाफ दरवळते. त्याचें नांव अर्न्स्ट थिओडोर आमाडेउस हॉफमन. अद्‍भुत कथांचा हा लेखक, त्याचें संगीत, त्याचें लेखन आणि त्याचे पेले यांविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

प्रथम कॉफीचें प्रकरण उरकूं. प्रशियाच्या राज्यकर्त्यांना कॉफीचें वावडें जुनेंच होतें. परदेशी मालापायीं देशांतलें धन बाहेर जातें, म्हणून फ्रेडरिक दि ग्रेट यानें १७८१ मध्यें कॉफी भाजण्याचा धंदा सरकारच्या हातीं घेतला, आणि चोरून कॉफी भाजणारे पकडण्यासाठीं युद्धांतून परतलेल्या सैनिकांची नेमणूक केली. हे सैनिक रस्तोरस्तीं हवा हुंगत फिरत. लोकांनीं त्यांचें नांवच ‘कॉफीहुंगे’ असें पाडलें. राजा १७८६ मध्यें वारला आणि पुढल्याच वर्षीं हें खातें बंद झालें. पण कॉफीच्या पेल्याचें दैव काही फिरलें नाहीं. १८०६ च्या ऑक्टोबरांत नेपोलियन बर्लिनमध्यें शिरला, आणि २१ नोव्हेंबर रोजीं त्याच शहरांतून त्यानें इंग्लंडच्या व्यापारावर बहिष्काराचें फर्मान काढलें. समुद्रापलीकडून येणारी साखर आणि कॉफी ह्यांची टंचाई सुरू झाली. मग चिकोरीचीं मुळें, गाजरें, धान्य, जें हातीं लागेल तें भाजून, कुटून, उकळून पिण्यास आरंभ झाला. आपल्याकडील दाक्षिणात्य धर्तीच्या उपाहारगृहांत आजहि कॉफींत चिकोरी मिसळतात, पण ती चवीसाठीं. बर्लिनमध्यें कॉफी नांवापुरती उरली होती आणि मिश्रण तेवढें खरें होतें.

ह्याच फर्मान काढणाऱ्याच्या सैन्यानें हॉफमनची नोकरीहि नेली. त्याचा जन्म २४ जानेवारी १७७६ रोजीं कोनिग्झबर्ग येथें झाला. घराण्याची विद्या कायद्याची. मुलाचा ओढा गाण्याकडे आणि चित्रकलेकडे. वडीलधाऱ्यांच्या इच्छेप्रमाणें तो न्यायखात्यांत शिरला, पण हातांतली लेखणी कज्जेदलालांच्या अर्जांवर कधीं संतुष्ट राहिली नाहीं. पोझेन येथें असतां १८०२ च्या एका उत्सवांत त्यानें काढलेलीं बड्या लष्करी अधिकाऱ्यांचीं व्यंगचित्रें वांटलीं गेलीं, आणि शिक्षा म्हणून त्याची प्लोत्स्क नांवाच्या आडगांवीं बदली झाली. तेथें १८०३ मध्यें तो रोजनिशी लिहूं लागला. १८०४ मध्यें वॉर्सा येथें त्याचे दिवस पालटले. दिवसा तो कचेरींत निवाडे लिही, आणि संध्याकाळीं तेथील संगीत-मंडळीच्या नव्या वास्तूच्या भिंती रंगवी व वाद्यवृंदाचें नेतृत्वहि करी. मोत्सार्टवरील भक्तीमुळें आपल्या नांवांतला ‘विल्हेल्म’ काढून ‘आमाडेउस’ हें नांव त्यानें घेतलें तें याच काळांत. आईबापांनीं ठेवलेलें नांव एका गवयाच्या प्रेमाखातर टाकून देणारा न्यायाधीश विरळाच म्हणावयाचा!

१८०६ च्या नोव्हेंबरांत फ्रेंच फौजा वॉर्सांत आल्या आणि प्रशियाचा अंमल संपला. नव्या सत्तेशीं एकनिष्ठेची शपथ घ्या, नाहींतर शहर सोडा, असा पर्याय पुढें आल्यावर १८०७ च्या उन्हाळ्यांत तो बर्लिनला निघाला. पत्नी आणि तान्ही मुलगी पोझेनला नातलगांकडे होती. बर्लिनमध्यें त्याच्यासारखे बेकार अधिकारी पुष्कळ होते. संगीत विकत घेणारा प्रकाशक मिळेना. त्यांतच ऑगस्टमध्यें, जेमतेम दोन वर्षांची झालेली त्याची मुलगी सेसिलिया पोझेन येथें वारली. तिचें नांव संगीताच्या अधिष्ठात्री संत-स्त्रीवरून ठेवलेलें होतें. बाप तिच्याजवळ नव्हता. पुढल्या वर्षींच्या मे महिन्यांत त्यानें आपल्या बालमित्राला, हिपेलला, पत्र लिहून कळविलें कीं पांच दिवस पोटांत भाकरीखेरीज कांहीं गेलेलें नाहीं.

आतां ती कथा पाहा. ‘रिट्टर ग्लुक’ तिचें नांव. उत्तर शरदांतल्या उन्हांत बर्लिनचे नागरिक उपवनांत जमले आहेत, गाजराची कॉफी वाफाळत आहे, कोणी चिरूट ओढीत युद्ध कीं तह याचा खल करीत आहे, कोणी एका नटीच्या जोड्यांच्या रंगावर वाद घालीत आहे, आणि बेसूर वाद्यांचा ताफा कानांना छळत आहे. निवेदक एका कोपऱ्यांत आपल्या कल्पनेच्या मित्रांशीं मनांतल्या मनांत गोष्टी करीत बसला असतां एक अनोळखी वृद्ध त्याच्या मेजाशीं येऊन बसतो. ग्लुकच्या संगीतनाटकाचें प्रास्ताविक वाजूं लागतांच हा वृद्ध नुसत्या हातांच्या खुणांनीं त्या मरतुकड्या वृंदांतून भव्य संगीत उभें करतो. निदान निवेदकाला तरी तें ऐकूं येतें. पुढें एके रात्रीं तो त्याला आपल्या घरीं नेतो. कपाटांत ग्लुकचे सर्व ग्रंथ सुंदर बांधणींत मांडलेले आहेत. उघडून पाहावे, तों पानांवर नुसत्या रेघा. स्वर एकहि लिहिलेला नाहीं! त्या कोऱ्या पानांकडे पाहत वृद्ध ‘आर्मिड’ वाजवितो, आणि तें मूळापेक्षांहि थोर होऊन बाहेर पडतें. मग तो दिवा घेऊन आंत जातो, बऱ्याच वेळानें जरीचा दरबारी पोशाख चढवून, कमरेला तलवार लावून परत येतो, आणि आपण स्वत: ग्लुक असल्याचें सांगतो. ग्लुक तर १७८७ मध्येंच व्हिएन्ना येथें वारलेला. हा वेडा, कीं भूत, कीं कलेचा आत्मा? लेखक खुलासा करीत नाहीं, आणि कथा तेथेंच संपते.

मला ह्या कथेंतील गाजराची कॉफी केवळ कालनिर्देशाची खूण वाटत नाहीं. जें शहर नकली कॉफी खरी म्हणून गोड मानून पितें तेंच शहर नकली संगीतहि तितक्याच समाधानानें ऐकतें, हा त्यांतला डंख आहे. आणि तो डंख उपाशी माणसाचा आहे. खरें तें कोऱ्या पानावर आहे, पण तें वाचणारा डोळा पाहिजे. स्वत:चें संगीत कोणी छापीना, म्हणून कोरींच राहिलेलीं त्याचीं पानें आठवलीं म्हणजे ही कल्पना आकाशांतून पडलेली नाहीं हें ध्यानांत येतें.

कथा लिहून झाली ती बाम्बेर्ग येथें. १ सप्टेंबर १८०८ रोजीं तो तेथील नाट्यगृहाचा संगीत-संचालक म्हणून दाखल झाला, पण पहिल्याच प्रयोगांत वृंदाशीं त्याचें जमलें नाहीं आणि तें पद हातचें गेलें. शिकवण्या करून आणि नाटकांसाठीं किरकोळ संगीत रचून तो राहिला. अशा स्थितींत त्यानें ‘रिट्टर ग्लुक’ लाइप्झिगच्या सुप्रसिद्ध संगीत-नियतकालिकाकडे धाडली, आणि १५ फेब्रुवारी १८०९ रोजीं ती प्रसिद्ध झाली. संपादक रोखलिट्झ यानें त्याला संगीत-समीक्षाहि लिहावयास दिली. १८१० मध्यें बेथोव्हेनच्या पांचव्या सिंफनीवर त्यानें जो लेख लिहिला तो आजहि संगीत-टीकेच्या इतिहासांत मानानें उल्लेखिला जातो.

त्याची बाम्बेर्गची रोजनिशी मोठी गंमतीची आहे. वाक्यें तुटक; मनाची स्थिति एक-दोन शब्दांत; ज्या दिवशीं मद्यपान झालें त्या दिवशीं पेल्याचें चिमुकलें चित्र! पत्नीला कळूं नये असें कांहीं असलें कीं तें जर्मनच, पण ग्रीक लिपींत. हें गुपित बहुधा यूलिया मार्क हिच्याविषयींचें असे. ती त्याची गायनाची शिष्या, वयानें वीस वर्षांनीं लहान. १८१२ मध्यें तिचा एका व्यापाऱ्याशीं विवाह झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांतील एक नोंद पेल्याच्या चित्रापेक्षां अधिक बोलकी आहे. जेवण मिळावें म्हणून जुना कोट विकल्याचें तींत नमूद आहे.

श्रोत्यांपैकीं जे कॉफीचे उपासक आहेत त्यांची निराशा करणें मला भाग आहे: हॉफमन हा वारुणीचा भक्त होता. कोणत्या संगीताला कोणतें पेय, याची यादीच त्यानें अर्ध्या थट्टेनें देऊन ठेवली आहे. धार्मिक संगीत रचावयाचें तर ऱ्हाइनकांठची जुनी द्राक्षासव, गंभीर संगीतनाटकाला उंची बर्गंडी, विनोदी नाटकाला शँपेन, आणि ‘डॉन जुआन’सारख्या अद्‍भुतरम्य कृतीला बेताचें पंच! ह्या यादींत कॉफीला जागा नाहीं. योगायोग असा कीं त्याच्या पहिल्या पुस्तकाचा प्रकाशक कुन्झ हा धंद्यानें मद्यविक्रेता होता, आणि त्याचा ग्रंथसंग्रहहि मोठा होता. एकाच माणसाकडून पुस्तक वाचावयास, पेला भरावयास आणि हस्तलिखित छापावयास! लेखकाला याहून सोयीचा स्नेही कोठें मिळावा?

त्या पुस्तकांत ‘सोन्याचें भांडें’ ही त्याची सर्वांत सुंदर अद्‍भुतकथा आहे. ती लिहिली १८१३-१४ मध्यें, म्हणजे ड्रेस्डेन शहराभोंवतीं तोफा धडाडत होत्या त्या काळांत. तो तेव्हां एका फिरत्या नाटकमंडळीबरोबर ड्रेस्डेन आणि लाइप्झिगमध्यें होता. तेथें मात्र कॉफी पुन्हां भेटते. अन्सेल्मुस नांवाचा गरीब विद्यार्थी सणाच्या दिवशीं दुपारीं तीन वाजतां वेशींतून धांवत सुटतो आणि एका म्हातारीच्या सफरचंदांच्या टोपलीवर आदळतो. जवळची थैली तिला देऊन टाकावी लागते. उपवनांत जाऊन रम घातलेली अर्धी कॉफी घ्यावी, बिअर प्यावी, संगीत ऐकावें, नटूनथटून आलेल्या मुली पाहाव्या, हा वर्षाचा एकुलता एक बेत त्याबरोबर बुडतो. बिचारा एका झाडाखालीं हिरमुसला होऊन बसतो, आणि तेथेंच पानांत घंटांसारखा नाद उठून हिरव्या-सोनेरी सर्पकन्या त्याला दिसतात. खिशांत चार नाणीं असतीं तर हा विद्यार्थी सुखानें कॉफी पीत बसला असता, आणि अद्‍भुताचें दार त्याला कधींच उघडलें नसतें. अप्सरा-गंधर्वांच्या कथा आपल्याला नव्या नाहींत. परंतु वेशीचें नांव, घड्याळाचा ठोका आणि कॉफीचा हिशेब देऊन मग गंधर्वलोक दाखविणें ही ह्या लेखकाची खास करामत.

१८१४ मध्यें तो पुन्हां बर्लिनला आला, न्यायखात्यांत परतला, आणि त्याच्या कीर्तीचीं वर्षें सुरू झालीं. त्याचें ‘उंडीन’ हें संगीतनाटक ३ ऑगस्ट १८१६ रोजीं राजधानींतील मोठ्या रंगभूमीवर आलें. हेंच त्याचें आयुष्यभराचें स्वप्न. कथालेखन त्याच्या दृष्टीनें दुय्यम. पुढच्या जुलैमध्यें त्या नाट्यगृहाला आग लागली आणि नाटकाचे देखावे आंतच जळाले. हॉफमनचें घर समोरच. आगीच्या धगीनें नटांचे केसांचे टोप पेटून आकाशांत उडूं लागले आणि एका शिपायानें त्यांतला एक गोळी झाडून खालीं पाडला, असें वर्णन त्यानें मित्राला लिहून पाठविलें आहे. स्वप्नाची राख होत असतां त्यांतला विनोद टिपणारा हा डोळा!

त्याच घराच्या खिडकींतून अखेरच्या काळांतली एक कथा आली. १८२२ च्या वसंतांत पक्षाघातानें त्याचे पाय आणि हात गेले होते. शब्द तो दुसऱ्याकडून लिहवून घेई. ह्या कथेंत सर्पकन्या नाहींत, मृतांचें संगीत नाहीं. एक आजारी लेखक कोपऱ्यावरील खिडकीशीं बसून दुर्बिणींतून खालचा बाजार पाहतो, आणि आलेल्या भावाला पाहावें कसें तें शिकवितो. बोलतां बोलतां तो पायांवर उभा असतांनाची एक आठवण सांगतो. त्या बाजारांत एक फुलवाली मुलगी पुस्तकांत गढून गेली होती. जवळ जाऊन पाहतो तों पुस्तक ह्याचेंच! फुलून जाऊन त्यानें एक फुलझाड विकत घेतलें आणि हळूच सांगितलें कीं हें पुस्तक लिहिणारा मीच. मुलगी चकित झाली. पुस्तक आधीं कोणीतरी लिहावें लागतें हें तिला ठाऊकच नव्हतें. पुष्कळ विचार करून तिनें विचारलें, वाचनालयांतलीं सगळींच पुस्तकें तुम्हीं करतां काय? लेखक महाशय फुलझाडाची कुंडी उचलून तेथून बाणासारखे निघाले.

हॉफमन २५ जून १८२२ रोजीं वारला, तेव्हां त्याचें वय शेहेचाळीस होतें.