उरलेला ऑस्टेनाइट : एका टक्केवारीचा इतिहास

१/ गिअरच्या तपासणी-अहवालात एक ओळ असते : ‘रिटेन्ड ऑस्टेनाइट, २० टक्के’. या आकड्यावर कधी अख्खा लॉट मंजूर होतो, कधी भंगारात जातो. बखरीतला फौजेचा आकडा वाचताना आपण विचारतो, हा कोणी लिहिला, कशावरून लिहिला? पोलादाच्या आकड्यालाही तोच प्रश्न विचारावा लागतो. त्याचीच ही कथा. #थ्रेड

२/ तलवारीला ‘पाणी देणे’ हा आपला जुना शब्दप्रयोग. लालबुंद पोलाद एकदम थंड केले की कठीण होते, हे लोहारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. आत काय घडते ते मात्र दिसत नव्हते. १८६० च्या दशकात शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी पोलाद आरशासारखे घासून, आम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि एक नवे जग उघडले.

३/ त्या जगातील रहिवाशांना नावे दिली फ्रान्सच्या फ्लोरिस ओस्माँ यांनी. पाणी दिलेल्या पोलादातील कठीण, सुयांसारखा घटक म्हणजे ‘मार्टेन्साइट’. हे नाव जर्मनीच्या आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून. भरपूर कार्बन असलेल्या पोलादात या सुयांच्या मधोमध एक मऊ, पांढरा घटक दिसे. त्याला नाव मिळाले ‘ऑस्टेनाइट’.

४/ हे नाव सर विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्या गौरवार्थ. लंडनच्या शाही टांकसाळीतील या रसायनज्ञाने १८९७ मध्ये लोह-कार्बन आकृती प्रसिद्ध केली होती. ऑस्टेनाइट ही खरे तर तापलेल्या पोलादाची अवस्था. थंड झाल्यावर ती उरायला नको. म्हणजे ओस्माँ यांना दिसला तो ‘उरलेला’ ऑस्टेनाइटच होता!

५/ तो उरतो कशामुळे? मुख्यतः कार्बनमुळे. गिअरचे कार्बुरायझिंग करताना साधारण ९००-९५० अंश सेल्सिअसला त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात. गाभ्यात सुमारे ०.२ टक्के, तर कातडीत ०.८ ते १ टक्का. कार्बन जितका अधिक, तितके मार्टेन्साइट बनू लागण्याचे तापमान खाली सरकते. मग नेहमीच्या तापमानापर्यंत थंड करूनही रूपांतर अपुरे राहते.

६/ किती अपुरे, याचे साधे सूत्र १९५९ मध्ये कोइस्टिनेन आणि मारबर्गर यांनी दिले. हिशोब असा : रूपांतर ४०० अंशांना सुरू होत असेल, तर २० अंशांपर्यंत थंड केल्यावर जेमतेम दीड टक्का ऑस्टेनाइट उरतो. ते १५० अंशांना सुरू होत असेल, तर जवळपास २४ टक्के! एकाच गिअरचा गाभा आणि कातडी यांच्यात एवढे अंतर पडते.

७/ आता मोजणी. जुनी रीत म्हणजे सूक्ष्मदर्शकातील चित्र प्रमाण-तक्त्यातील चित्रांशी ताडून श्रेणी देणे. स्वस्त आणि झटपट. पण सुयांच्या फटींत दडलेला ऑस्टेनाइट डोळ्याला दिसत नाही. प्रमाण १० टक्क्यांखाली गेले की ही रीत जवळजवळ आंधळी होते. अशा वेळी ‘आढळला नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही.

८/ १९२१ मध्ये स्वीडनच्या आर्ने वेस्टग्रेन यांनी क्ष-किरणांनी तप्त लोहाची अणुरचना उलगडली. १९४८ मध्ये अमेरिकेत ॲव्हरबाक आणि कोहेन यांनी त्याच किरणांनी उरलेला ऑस्टेनाइट मोजण्याची भक्कम पद्धत मांडली. कठीण केलेल्या पोलादाची मापे काळानुसार सूक्ष्म बदलतात. अचूक गेज बनवणाऱ्यांना ही डोकेदुखी होती. ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट होताना आकारमान वाढते, हे त्यामागचे एक कारण.

९/ पण क्ष-किरणही निःपक्षपाती साक्षीदार नव्हे. पोलादात ते केवळ काही मायक्रोमीटर शिरतात. त्या पातळ थरावर ग्राइंडिंग झाले असेल, तर ताणाने तिथला ऑस्टेनाइट आधीच बदललेला असतो आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून विद्युत-रासायनिक रीतीने थर उतरवत, खोलीनुसार मोजतात.

१०/ मग ऑस्टेनाइट शत्रू की मित्र? फार झाला तर कातडी मऊ पडते, मापे बदलतात, ग्राइंडिंगमध्ये तडे जाण्याचा धोका वाढतो. उलट, तेलात कचरा असलेल्या बेअरिंगमध्ये थोडा ऑस्टेनाइट उपकारक ठरतो : खळग्याच्या कडेचा ताण तो सोसून घेतो, आणि दाबाखाली मार्टेन्साइट होऊन फुगताना पृष्ठभागात तडा रोखणारा दाब निर्माण करतो.

११/ म्हणूनच ‘शून्य टक्के’ हे सरसकट ध्येय नाही. उणे ८० अंशांपर्यंत थंड केले, तर वरच्या हिशोबातील २४ टक्क्यांचे सुमारे ८ होतात. पण नव्याने बनलेले मार्टेन्साइट ठिसूळ असते. ते पुन्हा टेंपर करावे लागते. कमी करणे शक्य आहे, म्हणून कमी करावेच असे नाही.

१२/ तेव्हा असा आकडा वाचताना चार प्रश्न विचारावेत : कोणत्या पद्धतीने मोजला? किती खोलीवर? ग्राइंडिंगच्या आधी की नंतर? आणि हा भाग कोणते काम करणार आहे? तक्त्यावरचे २० आणि क्ष-किरणांचे २० ही एकाच घटनेची दोन बयाणे आहेत. साक्षीदार कुठे उभा होता हे न पाहता निकाल दिला, तर चांगला गिअर भंगारात जातो आणि वाईट गाडीत बसतो.